तीन मशीन, तीन उत्तरं

वाचकाचं पत्र:

शाहूपुरीत आमचं लग्नपत्रिका, बिलबुकं आणि हँडबिलांचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर आहेत. डिझाइनचा २०१७ साली जुळवून घेतलेला: आय-५ सातवी पिढी, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. त्यावर डिझाइनचा कोरलड्रॉ एक्स-७ आणि मराठी फाँटची जुनी श्री-लिपी, यूएसबीला लॉक लावल्याशिवाय न चालणारी. काउंटरवरचा आय-३ दहावी पिढी, त्यावर टॅलीप्राइम, जीएसटी आणि गिऱ्हाइकांचं व्हॉट्सअ‍ॅप, मेल. तिसरा घरी, बीएस्सीला असलेल्या मुलीचा: आय-३ चौथी पिढी, ४ जीबी रॅम, चालू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतो. तिन्हींवर विंडोज १० आहे आणि आता त्याचा सपोर्ट संपलाय म्हणतात. भाचा म्हणतो, मामा, सगळीकडं लिनक्स टाकू. कॉम्प्युटरवाला म्हणतो, तिन्ही बदला. एक मित्र मॅक घे म्हणून मागं लागलाय. लोक विंडोज सोडून दुसरीकडं नेमके कशासाठी जातात? आणि काही जण परत का येतात? आम्ही काय करावं?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

तुमचा भाचा, कॉम्प्युटरवाला आणि मित्र तिघंही तुमच्या भल्याचंच सांगताहेत, पण तिघांनीही तिन्ही मशीनला एकच औषध दिलंय. तुमच्या तीन मशीनवर तीन वेगळी कामं चालतात, म्हणून उत्तरंही तीन आहेत. काउंटरचं मशीन विंडोज ११ वर न्या. घरचं लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर, न्या. डिझाइनचं आहे तिथंच ठेवा, पण त्याचं इंटरनेट तोडा. आता प्रत्येकाचं कारण आणि कृती.

आधी लोक का बदलतात ते. बहुतेकांना कुणीतरी ढकललेलं असतं. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या तारखेनंतर मशीन बंद पडत नाही. फक्त नव्यानं सापडलेल्या सुरक्षेच्या भोकांना कंपनी फुकट ठिगळं लावत नाही. विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, सिक्युअर बूट (मशीन उठताना फक्त खात्रीची प्रणाली चालू देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळं चांगली चालणारी सहाव्या-सातव्या पिढीची मशीन एका रात्रीत ‘जुनी’ ठरली आणि त्यांचे मालक लिनक्सकडं बघायला लागले. दुसरा धक्का मंदपणाचा. तिसरा व्हायरसचा आणि बिनपरवाना कॉपीचा.

ढकलले न जाता स्वतःहून ओढीनं जाणारेही असतात. प्रोग्रामिंग, सर्व्हर, डेटाचं काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना लिनक्सवर हत्यारं सहज मिळतात, परवान्याचा खर्च नाही, स्क्रीनवर जाहिराती नाहीत, अपडेट कधी घ्यायचं ते आपल्या हातात. ही माणसं टिकतात. ढकलून गेलेली बरीचशी परत येतात, आणि परत येण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच अडलेलं काम असतं: एक प्रोग्राम, एक प्रिंटर, नाहीतर जुन्या फायलींचा एक गठ्ठा.

मोठ्या संस्थांचंही असंच होतं. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेनं २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत जवळपास १५,००० मशीन हलवली, आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर यायचा ठराव केला. उलट केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षं लिनक्सवर टिकून आहेत, कारण तिथं पाठ्यपुस्तकं आणि शिक्षकांचं प्रशिक्षणही त्याच प्रणालीवर बेतलेलं आहे. आधी कामाची सोय लावली की प्रणाली टिकते. म्हणून एक वही घ्या आणि तिन्ही मशीनवर आठवड्याभरात उघडला जाणारा प्रत्येक प्रोग्राम, प्रत्येक प्रिंटर आणि यूएसबीला लागणारी प्रत्येक वस्तू लिहून काढा. या यादीशिवाय एकाही मशीनला हात लावू नका.

काउंटरच्या मशीनपासून सुरुवात करू, कारण ते सर्वांत सोपं आहे. दहाव्या पिढीचा आय-३ विंडोज ११ च्या यादीत बसतो. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्राम चालवून बघा. तो ‘टीपीएम सापडत नाही’ म्हणाला तर घाबरू नका. बऱ्याच जुळवलेल्या मशीनमध्ये ही सोय बोर्डावर असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोज उठण्याआधीच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बंद असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव ‘पीटीटी’, एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’. ती चालू करा. सिक्युअर बूटचं जरा नाजूक असतं. मशीन जुन्या ‘लेगसी’ पद्धतीनं इन्स्टॉल झालेलं असेल तर त्याची डिस्क ‘एमबीआर’ पद्धतीची असते, आणि बायोसमध्ये थेट यूईएफआय ही नवी पद्धत करून सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीचा आधार, बंद केलं की विंडोज उठतच नाही. क्रम असा ठेवा: आधी बॅकअप, मग विंडोजमध्येच असलेल्या ‘एमबीआर-टू-जीपीटी’ या साधनानं डिस्कची पद्धत बदला, आणि त्यानंतरच बायोसमध्ये यूईएफआय आणि सिक्युअर बूट चालू करा. डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असतील तर हे साधन नकार देतं, एक आधी मोकळं करावं लागतं. हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या. पण क्रम त्याला तुम्हीच विचारा.

बायोसमध्ये हात घालण्याआधी बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ ही डिस्कला कुलूप लावणारी सोय चालू आहे का तेही बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. टीपीएमची सेटिंग बदलली की मशीन ती की मागू शकतं, आणि ती नसली तर डिस्कवरचा डेटा कुणालाही काढता येत नाही.

टॅलीचं म्हणाल तर ते विंडोजसाठीच बनवलेलं आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’ या साधनावर चालवून दाखवणारे भेटतात, पण जीएसटी भरण्याच्या संध्याकाळी अडलं तर टॅलीची माणसं त्याची जबाबदारी घेणार नाहीत. हिशेबाचं मशीन लिनक्सवर नेऊ नका, असं आम्ही ठामपणे सांगतो. विंडोज १० च्या वरच ११ चढवलं तर टॅली आणि त्याचा डेटा सहसा जागेवर राहतो. तरी आधी ऑल्ट आणि वाय दाबून डेटाच्या मेनूतून बॅकअप घ्या आणि तो पेन ड्राइव्हवर ठेवा. डिस्क पुसून नव्यानं इन्स्टॉल करणार असाल, किंवा कधी मशीन बदलणार असाल, तर एफ-१ मधल्या सेटिंगमध्ये लायसन्सच्या भागात जाऊन आधी लायसन्स सरेंडर करा. लोक हे विसरतात. मग परवाना जुन्या मशीनच्या नावावर अडकतो आणि टॅली शैक्षणिक मोडमध्ये उघडते, त्यात महिन्यातल्या मोजक्याच तारखांना नोंद करता येते.

जीएसटीसाठी वेगळी चिंता नको. दुकान तुमच्या एकट्याच्या मालकीचं असेल तर रिटर्न मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनं भरता येतं. कंपनी किंवा एलएलपीला डिजिटल सही लागते. तशी सही वापरत असाल तर ती ज्या यूएसबी टोकनमध्ये असते त्याचा विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा.

अपग्रेड झाल्यावर पहिले १० दिवस सेटिंगमधल्या रिकव्हरीतून परत विंडोज १० वर जाता येतं. या १० दिवसांत डिस्क क्लीनअप चालवून ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर पुसू नका, नाहीतर परतीची वाट बंद होते. याच दिवसांत प्रत्येक गोष्ट एकदा तरी करून बघा: बिल छापा, ई-वे बिल काढा, टॅलीतून पीडीएफ काढा, स्कॅन करा, व्हॉट्सअ‍ॅप वेबवर आलेली फाइल उघडा.

आता डिझाइनचं मशीन. तुमच्या धंद्याचा जीव इथं आहे, म्हणून इथं जरा थांबून बघू. सातव्या पिढीचा आय-५ विंडोज ११ च्या यादीत नाही. रूफससारख्या, इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या साधनानं टीपीएमची आणि प्रोसेसरची अट वगळून ११ बसवता येतं, पुष्कळ जण बसवूनही देतात. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट बहुतेक वेळा हातानं चढवावं लागतं. शिवाय तुमच्याकडं जुन्या श्री-लिपीचा यूएसबी लॉक आहे. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची एक सुरक्षा आहे, ती जुने ड्रायव्हर चालू देत नाही. लॉकचा ड्रायव्हर तिच्यात अडकला तर लॉक लावलेला असूनही श्री-लिपी ‘लॉक नाही’ म्हणेल. लग्नसराईच्या तोंडावर हे परवडणारं नाही.

मग लिनक्स? या मशीनवर नाही. आणि हे भाच्याला समजावून सांगण्यासारखं आहे. कोरलड्रॉ विंडोज आणि मॅकसाठी आहे. एक्स-७ वाइनवर उघडलीच तरी धंद्याच्या कामाला भरवशाची नाही. लॉकचा ड्रायव्हर तर थेट विंडोजच्या गाभ्यात बसणारा असतो, तो वाइनला पुरवता येत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, विंडोज ठेवून लॉक आत सोडता येतो. पण ८ जीबी रॅममध्ये दोन प्रणाली एकदम चालवून त्यात ४०० डीपीआयची पत्रिका उघडली की माउस अडकायला लागतो, आणि आत विंडोज १० च असल्यामुळं सुरक्षेचा मूळ प्रश्न तसाच राहतो.

मोठी अडचण फायलींची आहे. इंकस्केप आणि लिबरऑफिस ड्रॉ हे लिनक्सवरचे चित्रांचे प्रोग्राम कोरलची सीडीआर फाइल उघडतात. चौकटी, वेलबुट्टी, गणपतीची रेखाचित्रं बऱ्यापैकी येतात, ग्रेडियंट आणि इफेक्ट कुठं कुठं बिघडतात. मजकुराचं मात्र काही खरं नसतं. जुन्या श्री-लिपीच्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाइलमध्ये ‘श्री गणेश प्रसन्न’ नसतंच, तिथं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची एक ओळ असते, आणि तो फाँट तिला मराठीचा चेहरा देतो. फाँट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की नुसतं गिचमिड दिसतं. जुन्या फाँटवरून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, बदलून देणारी साधनं आहेत, पण प्रत्येक फाँटच्या घराण्याचा तक्ता वेगळा. रफार, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॅ’ आणि ‘ॉ’ इथं ती हमखास चुकतात. ‘चव्हाण’ नीट येईल आणि ‘कुऱ्हाडे’ मोडेल. पत्रिकेत आडनाव चुकलं तर छापलेला सगळा गठ्ठा वाया जातो, म्हणून बदललेला प्रत्येक मजकूर मूळ छापील प्रतीशी ताडून बघावाच लागतो.

म्हणून या मशीनवर विंडोज १०, कोरल आणि श्री-लिपी आहे तशीच ठेवा आणि मशीन इंटरनेटपासून तोडा. बाहेरून धोका येतो तो बहुतेक ब्राउझर, मेल आणि डाउनलोडमधून. ते सगळं काउंटरच्या मशीनवर होऊ दे. दोन्ही मशीन एकाच राउटरला जोडलेली राहिली तरी चालेल, फायली शेअर फोल्डरमधून इकडं येतील. इंटरनेट तोडायला नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीमध्ये जाऊन आयपी पत्ता हातानं द्या. तुमचा राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर या मशीनला १९२.१६८.१.५० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवे व डीएनएसचे रकाने मोकळे सोडा. राउटरच्या आपोआप पत्ते वाटण्याच्या यादीतून हा पत्ता वगळा, नाहीतर एखाद्या मोबाइलला तोच मिळेल आणि दोन्हींची जोडणी तुटत राहील. त्याच खिडकीत ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ६’ समोरची खूणही काढा. ही खूण राहिली तर हल्लीच्या फायबर जोडणीवर इंटरनेट त्या वाटेनं गुपचूप चालूच राहतं, आणि आपण समजतो की तोडलंय. वायफायचं कार्ड असेल तर तेही बंद करा.

शेअर फोल्डर काउंटरच्या मशीनवर ठेवा, डिझाइनच्या नको. त्याला पासवर्ड असू दे. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह थेट डिझाइनच्या मशीनला लावणं आजपासून बंद. शॉर्टकट बनवणारे व्हायरस प्रिंटिंगच्या दुकानांत याच वाटेनं फिरतात. तो आधी काउंटरच्या मशीनला लावा, तिथला डिफेंडर हा अँटिव्हायरस अद्ययावत असतो. स्कॅन करा, आणि फक्त हवी ती फाइल शेअर फोल्डरमध्ये टाका.

पैसे देऊन विंडोज १० ची सुरक्षा वाढवून घ्यायचीही एक सोय आहे. घरगुती वापरासाठीची वाढीव योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर ती फुकट मिळते. पण ती वैयक्तिक मशीनसाठी आहे. धंद्याच्या मशीनसाठीची वेगळी योजना पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर घेते आणि दरवर्षी दुप्पट होत २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत चालते. उशिरा सामील झालात तर मागच्या वर्षाचेही पैसे द्यावे लागतात. एवढ्या खर्चापेक्षा इंटरनेट तोडणं बरं, असं आमचं मत आहे.

मंदपणा असेल तर या मशीनची १ टीबी हार्ड डिस्क काढून तिथं एसएसडी ही जास्त वेगवान डिस्क बसवा. २०१७ ची डिस्क अजून चालतेय हेच पुष्कळ झालं. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामनं तिची तब्येत बघा. निळ्याऐवजी पिवळा किंवा लाल रंग दिसला, किंवा ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर’चा आकडा वाढत असेल, तर बाकी सगळं थांबवून आधी फायली उतरवून घ्या. नव्यानं विंडोज टाकू नका, क्लोन करा (जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवा), म्हणजे कोरलचं अ‍ॅक्टिव्हेशन आणि श्री-लिपी जागेवर राहतील. क्लोनझिला हे मोफत साधन चांगलं आहे, पण नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असली की ते अडतं. ‘९६० जीबी’ची एसएसडी तुमच्या १ टीबी डिस्कपेक्षा लहान आहे, हे दुकानात विकत घेतानाच लक्षात असू द्या. पूर्ण १ टीबीची घेतलीत तरी दोन्ही डिस्कचा नेमका आकडा क्लोनझिलाच्या पडद्यावर ताडून बघा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा मशीन चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर विंडोज गोंधळतं आणि कधीकधी जुनीवरूनच उठत राहतं.

एक सवय आजपासून लावा. पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवा: मूळ सीडीआर, सगळा मजकूर कंट्रोल आणि क्यू दाबून कर्व्ह (अक्षरांऐवजी नुसते आकार) केलेली दुसरी सीडीआर, आणि छपाईची पीडीएफ. कर्व्ह केलेल्या प्रतीत मजकूर बदलता येत नाही, पण ती कुठल्याही मशीनवर, फाँट नसतानाही, जशीच्या तशी दिसते. उद्या लॉक तुटला किंवा बोर्ड जळाला तरी जुन्या गिऱ्हाइकाची पत्रिका पुन्हा छापता येईल. नवी कामं हळूहळू युनिकोड फाँटमध्ये करायला लागा. चार-पाच वर्षांनी हे मशीन बदलायची वेळ येईल, तेव्हा हा गठ्ठा जितका लहान असेल तितकी सुटका सोपी.

आता घरचं मशीन. इथं तुमचा भाचा शंभर टक्के बरोबर आहे. चौथ्या पिढीचा आय-३ अभ्यासासाठी अजून पुरेसा आहे. पाच-सात मिनिटं लागतात त्याला मुख्य कारण हार्ड डिस्क, दुसरं ४ जीबी रॅम. २.५ इंची साटा पद्धतीची २५६ जीबी एसएसडी बसवा आणि डीडीआर-३ची आणखी एक ४ जीबीची पट्टी घाला. लॅपटॉप असेल तर पट्टी १.३५ व्होल्टची ‘डीडीआर-३ एल’ लागते, साधी घेतलीत तर मशीन उठणार नाही. नुसतं लिनक्स टाकून जुनी डिस्क तशीच ठेवलीत तर फरक थोडाच पडेल, आणि मग लिनक्सला बोल लागेल.

प्रणाली लिनक्स मिंट घ्या, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. स्टार्ट मेनू, खालची पट्टी, घड्याळ सगळं विंडोजच्या जागेवर असल्यानं मुलीला नव्यानं शिकावं लागत नाही. मिंटच्या अधिकृत साइटवरूनच फाइल उतरवा, फाइल अस्सल आहे का ते कळायला तिथं दिलेला ‘शा-२५६’ आकडा जुळवा, आणि ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर रूफसनं ती चढवा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मशीन चालू करताना डेलला एफ-१२, एचपीला एफ-९, असूसच्या बोर्डाला एफ-८ दाबून पेन ड्राइव्ह निवडा.

लगेच इन्स्टॉल करू नका. पेन ड्राइव्हवरूनच दोन संध्याकाळ चालवा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, स्क्रीन झाकून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, कॉलेजची साइट उघडतेय का, ते बघा. ब्रॉडकॉम आणि काही रियलटेक वायफाय कार्डं इथं त्रास देतात. तेव्हा मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटाची पद्धत ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ असते, ती ‘एएचसीआय’ करा. मात्र हे आधीचं विंडोज कायमचं सोडायचं ठरल्यावरच, कारण नंतर ते उठणार नाही.

या मशीनवर दोन्ही प्रणाली शेजारी ठेवायचा मोह आवरा. तरी ठेवल्यातच तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर विंडोजची ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. आणि घड्याळ साडेपाच तास पुढंमागं झालेलं दिसेल. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ धरतं, लिनक्स ग्रीनिचची. लिनक्सला मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेवर धरायला एकदा सांगितलं की ते थांबतं.

इन्स्टॉल झाल्यावर अपडेट मॅनेजर चालवा आणि ‘टाइमशिफ्ट’ लावा, म्हणजे काही बिघडलं तर कालच्या अवस्थेला परत जाता येतं. टाइमशिफ्ट प्रणाली जपतं, मुलीच्या फायली नाही. त्यांचा बॅकअप वेगळा. मराठी टाइपिंगला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडा. तिला इनस्क्रिप्ट येत असेल तर तोच मिळतो, ‘क’ के वर आणि हलंत डी वर, जसा विंडोजमध्ये. दुकानातल्या ऑपरेटरसारखी टाइपरायटरच्या रेमिंग्टनची सवय असेल तर ‘आयबस एम-१७-एन’ हे पॅकेज घ्या, त्यात मराठी रेमिंग्टन आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायचं गमभनही आहे. अभ्यासाला पायथन आणि आर लिनक्सवर सोप्या पद्धतीनं बसतात. प्रकल्प अहवाल लिबरऑफिसमध्ये लिहून वर्डच्या पद्धतीत जतन केला तर समास आणि तक्ते थोडे सरकतात, म्हणून कॉलेजला शक्यतो पीडीएफच द्यावी. एक तपास आधी करा: कॉलेजची एखादी ऑनलाइन परीक्षा फक्त विंडोजवरच्या खास प्रोग्राममधून होते का. होत असेल तर त्या दिवशी काउंटरचं मशीन वापरावं लागेल.

प्रिंटर कुठले आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. एपसनचे इंक टँक प्रिंटर लिनक्सवर बहुधा विनातक्रार चालतात. कॅनन एलबीपी २९००, जो आपल्याकडं गल्लोगल्ली दिसतो, तो मात्र लिनक्सवर डोकेदुखी आहे, त्याचा ड्रायव्हर जुना आहे. एचपीच्या काही लेझर प्रिंटरना ‘प्लगइन’ वेगळं उतरवावं लागतं, नाहीतर प्रिंट कमांड जाते आणि कागद येत नाही.

मॅकबद्दल थोडक्यात. टॅली त्यावर नाही, तुमची एक्स-७ त्यावर चालत नाही, नवी कोरल विकत घ्यावी लागेल. मित्र जुना मॅकबुक स्वस्तात देत असेल तर आत इंटेलचा प्रोसेसर आहे का बघा. २०२५ मध्ये आलेली मॅकओएस २६ ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती आहे. एका तारखेतून सुटून दुसऱ्या तारखेत अडकण्यात अर्थ नाही.

परवान्याबद्दलही बोलायला हवं. सेटिंगमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन बघा. जुळवलेल्या मशीनवर कुणी ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवून विंडोज चालू करून दिलं असेल तर ते मशीन आजच धोक्यात आहे, सपोर्टची तारीख काहीही असो. ही साधनं आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि त्यांच्यासोबत काय आत येतं ते कळत नाही. काउंटरच्या मशीनवर, जिथं बँक आणि जीएसटी आहे, तिथं असलं काही निघालं तर अपग्रेड न करता डिस्क पुसून परवानाधारक विंडोज ११ च टाका.

बॅकअप घेताना फायलींबरोबर विंडोजचं फाँट फोल्डर, श्री-लिपीचे फाँट आणि तिची सीडी, कोरलच्या रंगांच्या पॅलेट, ब्राउझरमधले पासवर्ड हे सगळं घ्या. लोक डी ड्राइव्ह उतरवतात आणि डेस्कटॉपवरच्या फायली विसरतात. १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर प्रत काढल्यावर त्या प्रतीतूनच चार फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. ती डिस्क दुकानात ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराच्या सखल भागातल्या दुकानांत पाणी शिरलं तेव्हा काउंटरखालची मशीन आणि त्यांच्याच शेजारी ठेवलेले बॅकअप एकत्रच बुडाले. डिस्क घरी, वरच्या मजल्यावर असू दे. पत्रिकांचा गठ्ठा फार मोठा नसेल तर एक प्रत क्लाउडवरही ठेवा.

कामाची वेळ नीट निवडा. काउंटरचं मशीन महिन्याच्या २१ तारखेनंतर हाती घ्या, ११ आणि २० च्या रिटर्नच्या तारखा उलटल्यावर, आणि मार्चमध्ये मुळीच नको. डिझाइनचं क्लोनिंग पितृपंधरवड्यात करा, तेव्हा पत्रिकांचं काम सर्वांत कमी असतं. २०२६ मध्ये सर्वपित्री अमावास्या १० ऑक्टोबरला आहे आणि दुसऱ्या दिवसापासून नवरात्र. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी क्लोन लावला तर सकाळपर्यंत होतो आणि तपासायला एक दिवस हातात राहतो. घरचं मशीन मुलीच्या सेमिस्टर परीक्षेनंतर कधीही.

दोन गोष्टी कळवा: श्री-लिपीच्या यूएसबी लॉकवर छापलेलं नाव आणि क्रमांक, आणि तिन्ही ठिकाणच्या प्रिंटरचे मॉडेल. लॉक कुठल्या जातीचा आहे यावर तो पुढं नव्या मशीनवर चालेल की श्री-लिपीची नवी आवृत्तीच घ्यावी लागेल हे ठरतं. तोवर त्या लॉकवर दुसरं काही आपटणार नाही अशा ठिकाणी, मशीनच्या मागच्या यूएसबी पोर्टात तो लावून ठेवा.